हुमणीच्या वाफ्यात मित्र सूत्रकृमी : एका हंगामाच्या नोंदी

४ जुलै

गेल्या हंगामात भुईमुगाच्या या तुकड्यात जागोजागी रोपं पिवळी पडून मान टाकत होती. उपटायला जावं तर जोरच लागत नव्हता, कारण खाली मूळच उरलेलं नव्हतं. खुरप्यानं माती बाजूला केली की अर्धचंद्रासारखी वळलेली, तांबड्या डोक्याची पांढरी हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मातीत राहणारी अळी, हाती लागायची. तेव्हा दाणेदार कीटकनाशक टाकलं. हुमणी कमी झाली, हे मान्य. पण पुढे दोन महिने त्या मातीत खणताना एकही गांडूळ दिसलं नाही, आणि ते माझ्या मनातून गेलं नाही.

या वर्षी त्याच तुकड्यात सहा वाफे आखले आहेत, प्रत्येकी ४ मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे १० चौरस मीटरचा एक. १, ३ आणि ५ या वाफ्यांत कीटकांना मारणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे अगदी बारीक कृमी, सोडायचे. २, ४ आणि ६ मध्ये नुसतं पाणी. रासायनिक काहीही कुठेच नाही. वाफ्यांच्या मध्ये अर्ध्या मीटरचा मोकळा पट्टा ठेवला आहे. तुलनेला कोरे वाफे नसतील तर शेवटी ‘फरक वाटतोय’ एवढंच म्हणता येईल, आणि वाटण्यावर मला थांबायचं नाही.

५ जुलै

तुकडा आबांचा. बेत ऐकून ते चिडलेच. "सूत्रकृमी घालवता घालवता आमचं आयुष्य गेलं, आणि तू ते मुद्दाम सोडणार?"

त्यांचं चुकत नाही. शेतीत ‘सूत्रकृमी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या वांग्याच्या मुळांवरच्या गाठी. मी आबांना दोन्हींतला फरक समजावून सांगितला, तो इथेही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार आहे. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुईसारखा पोकळ शूल असतो. तो मुळाच्या पेशीत खुपसून तो रस शोषतो. आपण सोडणार ते दुसऱ्याच घराण्यांतले. स्टाइनरनेमा आणि हेटरोऱ्हॅब्डिटिस ही त्यांची दोन मुख्य नावं. त्यांच्याकडे हा शूल नाही, मुळाशी त्यांचं काही काम नाही. त्यांना लागते ती कीटकाची अळी.

आणि मारतात तेही एकट्यानं नाही. मातीत फिरणारं त्यांचं तिसऱ्या अवस्थेतलं पिल्लू आतड्यात जीवाणू बाळगून असतं. स्टाइनरनेमाच्या पोटात झेनोऱ्हॅब्डस, हेटरोऱ्हॅब्डिटिसच्या पोटात फोटोऱ्हॅब्डस. या अवस्थेत पिल्लाचं तोंड बंद असतं. ते काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतं आणि अंगावर जुन्या कातडीचा कोट घालून हिंडतं. अळी सापडली की तोंडातून, गुदद्वारातून नाहीतर श्वासरंध्रातून आत शिरतं. हेटरोऱ्हॅब्डिटिसला तर डोक्याशी बारीक दात असतो, त्यानं तो पातळ कातडी फाडूनही जाऊ शकतो. आत गेल्यावर जीवाणू रक्तात सोडले जातात आणि साधारण २४ ते ४८ तासांत अळी मरते. मग तिच्या शरीरात जीवाणूंचं पीक येतं, सूत्रकृमी ते खातात, दोन-तीन पिढ्या वाढतात आणि अन्न संपलं की नवी पिल्लं हजारोंनी बाहेर पडतात.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्या मुळांना गाठी आल्या तर?" मी म्हटलं, "आबा, काढणीच्या वेळी प्रत्येक वाफ्यातली दहा-दहा झाडं उपटून मुळं तुम्हीच बघा." त्यावर त्यांनी होकार दिला. हे काम काढणीच्या यादीत लिहून ठेवलं.

९ जुलै

विकतचं पाकीट आणायचा विचार होता. आणलंही होतं. वाटेत उन्हात तापलं असावं, कारण थेंब काचपट्टीवर घेतला तर शंभरात जेमतेम दहा-बारा हलत होते. विक्रेत्याला दोष द्यायचा नाही, पण जिवंत माल असा पाठवून चालत नाही. कोणीही पाकीट आणलं तर वापरण्याआधी एक थेंब भिंगाखाली धरावा. कोमट पाण्याचा स्पर्श दिला आणि सुईनं डिवचलं तरी न हलणारे मेलेले समजायचे.

म्हणून आज दुसरी वाट धरली. हे सूत्रकृमी बहुतेक सगळीकडच्या मातीत थोडेफार असतातच, ते शोधायचे. पद्धत सोपी आहे. १९७५ मध्ये बेडिंग आणि एखर्स्ट यांनी ती मांडली आणि आजही तीच वापरतात. ओलसर माती डब्यात भरायची, वर मेणकिड्याच्या पाच मोठ्या अळ्या ठेवायच्या, झाकण लावून डबा उलटा करायचा. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांवर वाढणारा हा मेणकिडा फार नाजूक आहे, लागण चटकन होते. मे महिन्यापासून मी काचेच्या बरण्यांत तो वाढवतो आहे. काचेच्याच, कारण प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कुरतडून त्या रात्रीत बाहेर येतात. झाकणाऐवजी बारीक तारेची जाळी लावली आहे.

बारा जागांची माती घेतली : वाफ्यांतली, बांधाची, जुन्या झाडाच्या सावलीतली, पाटाकडेची. १५ ते २० सेंटीमीटर खोलीवरून. नेहमी खत-औषध पडणाऱ्या जागांपेक्षा बांधाकडून मला जास्त आशा आहे.

१४ जुलै

बारापैकी एका डब्यात दोन अळ्या विटकरी लाल! जुन्या झाडाखालचा डबा, ८ नंबर.

इतर डब्यांतही अळ्या मेल्या होत्या, पण मरण्यामरण्यात फरक असतो. दोन डब्यांत काळ्या, लिबलिबीत, घाण वासाच्या अळ्या होत्या. ती साधी कूज. एका डब्यातली अळी कडक होऊन तिच्यावर हिरवी पूड आली होती. ती मेटारायझियम बुरशी, तीही आपली मित्रच, पण आज तिचं काम नाही. ८ नंबरमधल्या दोन्ही अळ्या लाल, आकार न बिघडलेल्या, आणि वास जवळजवळ नाहीच. फोटोऱ्हॅब्डस प्रतिजैविकं तयार करतो आणि दुसऱ्या जंतूंना त्या शरीरात शिरू देत नाही, म्हणून अळी सडत नाही. स्टाइनरनेमा असता तर रंग पिवळसर-तपकिरी किंवा राखाडीकडे झुकला असता. लाल म्हणजे हेटरोऱ्हॅब्डिटिस, असं धरून पुढे चाललो आहे. नेमकी जात सांगायला माझ्या डोळ्यांपेक्षा चांगली साधनं लागतील.

दोन्ही अळ्या व्हाइट सापळ्यावर ठेवल्या. मोठ्या बशीत पाव इंच पाणी, त्यात पालथी छोटी बशी, तिच्यावर गाळणकागद, कागदाच्या कडा पाण्याला टेकलेल्या, आणि कागदावर मेलेल्या अळ्या. पिल्लं बाहेर पडली की ओल्या कागदावरून पाण्यात उतरतात. व्हाइट यांनी ही युक्ती १९२७ मध्ये सांगितली. शंभर वर्षं होत आली तरी थोड्याफार बदलांनी तीच वापरतात.

१६ जुलै, रात्री

रात्री साडेअकराला खोलीत पूर्ण अंधार केला. दहा मिनिटं नुसता बसून राहिलो, डोळे सरावेपर्यंत. पहिली पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग सापळ्याच्या जागी दोन फिकट हिरवट-निळसर ठिपके. थेट पाहिलं की विरतात, नजर जरा बाजूला वळवली की पुन्हा उजळतात. हात पुढे करून मी त्या प्रकाशावर सावली पडते का ते पाहत राहिलो.

चमकणारे जीवाणू बहुतेक समुद्रातले. जमिनीवर राहून चमकणारा फोटोऱ्हॅब्डस हा विरळा. १८६२ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात शायलोच्या लढाईनंतर चिखलात पडून राहिलेल्या काही जखमींच्या जखमा अंधारात चमकत होत्या आणि त्या लवकर भरल्या, अशी कहाणी सांगतात. २००१ मध्ये दोन शाळकरी मुलांनी तिचा धागा या जीवाणूशी जोडला. माणसाच्या अंगाची ऊब त्याला सोसत नाही, पण थंड चिखलात गारठलेल्या शरीरात तो तग धरू शकला असेल, असा त्यांचा तर्क. तो तर्कच आहे. तरी आज ते दोन ठिपके पाहिल्यावर त्या मुलांना हे का सुचलं असेल ते कळलं.

आबांना उद्या रात्री बोलावलं आहे.

२३ जुलै

सापळ्याच्या पाण्यात सकाळी दुधासारखी झाक. थेंब भिंगाखाली धरला आणि सगळं काचपात्र वळवळत होतं. एकेक पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना बारीक धाग्याचा तुकडा. लागण होऊन बारा-तेरा दिवस झाले असतील, म्हणजे वेळेवरच.

हेटरोऱ्हॅब्डिटिसची एक सोय मला फार आवडते. अळीत शिरलेलं पिल्लू वाढून उभयलिंगी होतं, त्याला जोडीदार लागत नाही. एकच पिल्लू आत पोचलं तरी वंश सुरू होतो. नर-मादी वेगळे होतात ते पुढच्या पिढीत. स्टाइनरनेमाच्या जवळपास सगळ्या जातींत मात्र नर आणि मादी दोघंही आत पोचावे लागतात.

२७ जुलै

आज हातून नुकसान झालं. परवा गोळा केलेली पिल्लं बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून ठेवली होती. आज बघतो तर तळाशी पांढरा थर, आणि थरातलं काहीही हलत नाही. हवा न मिळून गुदमरली. त्यांना श्वास लागतो, आणि हे वाचलेलं असूनही मी बाटली औषधाच्या बाटलीसारखी भरून फडताळात ठेवली. आता पसरट भांड्यात सेंटीमीटरभर पाणी आणि वर सैल झाकण. जागा थंड हवी, पण फार गार नको. स्टाइनरनेमाच्या काही जाती फ्रिजमध्ये चांगल्या टिकतात, हेटरोऱ्हॅब्डिटिसला तेवढी थंडी मानवत नाही. माठाशेजारची जागा ठरवली.

नशीब एवढंच, की २५ तारखेला शंभर मेणकिड्यांना आधीच लागण करून ठेवली होती. एका बशीत दहा अळ्या, खाली ओला गाळणकागद, त्यावर हजारभर पिल्लं. पुढचं सगळं त्या शंभर अळ्यांवर अवलंबून आहे.

सापळ्यातून अजून थोडी पिल्लं येत आहेत. त्यांच्यावर कपातली चाचणी सुरू केली. वीस कप, प्रत्येकात माती, एक हुमणी आणि खायला मक्याचं मूळ. दहांत सूत्रकृमी, दहांत पाणी. मेणकिडा मरतो म्हणून हुमणी मरेलच असं नाही, आणि शेतात नेण्याआधी ते मला कळायला हवं.

६ ऑगस्ट

कपांचा हिशोब. पाण्याच्या दहा कपांत एक हुमणी मेली, नऊ जिवंत. सूत्रकृमींच्या दहांत सात मेल्या, तीन जिवंत. ॲबट यांनी १९२५ मध्ये दिलेल्या रीतीनं, म्हणजे आपोआप मेलेल्यांचं प्रमाण वजा धरून, साधारण ६७ टक्के. मेलेल्या सातांपैकी पाच लालसर होत्या. त्यातल्या दोन फोडून पाहिल्या, आत सूत्रकृमी खचाखच. म्हणजे मारणारा तोच, हे तपासून झालं.

वाचलेल्या तिन्ही हुमण्या आकारानं सर्वांत मोठ्या, तिसऱ्या अवस्थेतल्या. हुमणी लाखो वर्षं मातीतच राहत आली आहे, तिला हे शत्रू नवे नाहीत. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखं झाकण असतं. ती सारखी विष्ठा टाकते, त्यामुळे मागच्या वाटेनं शिरणं अवघड. आणि पायांनी, तोंडानं अंग झाडत राहते. वय वाढेल तसं तिला गाठणं कठीण होत जातं. म्हणून सोडायची वेळ महत्त्वाची : अंडी फुटून अळ्या लहान असतानाच. सप्टेंबरची वाट पाहिली तर उशीर होईल.

८ ऑगस्ट

पाऊस, बाहेर काम नाही. काचेच्या उभ्या नळीत ओली वाळू भरून तळाशी हुमणी आणि वर पिल्लं सोडली होती. दोन दिवसांत बरीचशी खाली पोचली. हेटरोऱ्हॅब्डिटिस शोधत फिरणारा आहे. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी उलट दबा धरून बसतो, शेपटीवर उभा राहून डोलतो, जवळून कुणी गेलं तर उडीही मारतो. मातीत खोल, एका जागी बसून मुळं कुरतडणाऱ्या हुमणीला फिरणारा शिकारीच हवा. पृष्ठभागावर फिरणाऱ्या अळ्यांना दबा धरणारा बरा. ‘सूत्रकृमी टाकले पण काही झालं नाही’ अशा तक्रारींत कित्येकदा चुकीची जात चुकीच्या किडीवर टाकलेली असते, असं मला वाटतं.

वाट कळते ती अळीच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, आणखीही गंधांवरून. सर्वांत सुंदर गोष्ट मक्याची. मूळ खाल्लं जाऊ लागलं की काही वाणांची मुळं बीटा-कॅरिओफायलीन नावाचा गंध सोडतात आणि त्या गंधावर सूत्रकृमी खेचले जातात. २००५ मध्ये रासमान, टर्लिंग्ज आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. त्यांच्याच कामात असंही दिसलं की उत्तर अमेरिकेतले बरेच वाण हा गंध सोडायचं विसरले आहेत. आपण उत्पन्नासाठी निवड करत गेलो आणि रोपाची हाक मारायची ताकद मागे पडली. हे वाचल्यापासून मका पाहताना मला मुळांचा विचार येतो.

११ ऑगस्ट

सोडण्याआधीची मोजणी. प्रत्येक वाफ्यात चार खड्डे, ३० बाय ३० सेंटीमीटर, २० सेंटीमीटर खोल. एकूण हुमण्या वाफा १ ते ६ क्रमानं : ११, १०, १२, ९, ११, १२. बहुतेक दुसऱ्या अवस्थेतल्या. मोजून परत मातीत. वाफे जवळजवळ सारखे आहेत, हे फार बरं झालं.

सापळ्यांतलं सगळं पाणी एकत्र करून दोन लिटर केलं. ढवळून एक मिलिलिटर काढलं, ते पाण्यानं दहा मिलिलिटर केलं, आणि त्यातले दशांश मिलिलिटरचे दहा थेंब मोजले. सरासरी ४१. म्हणजे मूळ पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये ४,१००, दोन लिटरमध्ये ८२ लाख. शंभरात ९३ जिवंत. हाती साधारण ७६ लाख.

लागणार किती? मातीसाठी सर्वसाधारण मात्रा चौरस सेंटीमीटरला २५. हेक्टरी हिशोब केला तर २५० कोटी होतात, आकडा ऐकून आबांनी हातच जोडले. आपल्या १० चौरस मीटरच्या वाफ्याला २५ लाख, तीन वाफ्यांना ७५ लाख. जेमतेम पुरतील. वाया घालवायला थेंबही नाही.

१२ ऑगस्ट

संध्याकाळी साडेपाचनंतर सुरुवात. ऊन यांचा पहिला वैरी. अतिनील किरणांत आणि कोरड्या हवेत काही मिनिटांत निकामी होतात. दुपारी वाफ्यांना हलकं पाणी देऊन वाफसा आणला होता. पिल्लं मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहतात. माती कोरडी असेल तर हलता येत नाही, आणि पाणी साचलेलं असेल तर हवा मिळत नाही.

१ आणि ३ मध्ये झारीनं आळवणी, प्रत्येकी २० लिटर पाण्यात २५ लाख. दर मिनिटाला ढवळत राहिलो, कारण ती तळाशी बसतात. नंतर स्वच्छ पाण्याची आणखी एक झारी, म्हणजे पानांवर अडकलेली मातीत उतरतील.

५ व्या वाफ्यात पंप वापरून पाहिला, कारण मोठ्या क्षेत्रावर झारी कोण फिरवणार? पंप नवा, औषध न लागलेला. नॉझलची जाळी काढली. पण मुठीतली, दांड्याच्या बुडाशी असलेली बारीक गाळणी काढायची राहिली. पंप धुताना ती हाताला लागली, तिच्यावर पांढरट साय. थेंब भिंगाखाली घेतला. पिल्लंच. हजारोंनी, एकमेकांत गुंतून गोळा झालेली. गाळणी झारीत खळबळून धुतली आणि ते पाणी वाफ्यात टाकलं, पण तोवर अंधार पडला होता आणि किती पोचली असतील याचा हिशोब लागणार नाही. ५ नंबरची नोंद वेगळी ठेवायची.

पंप वापरणाऱ्यांसाठी : सगळ्या गाळण्या काढा. नुसती नॉझलची नाही, सगळ्या.

१८ ऑगस्ट

३ नंबरमध्ये एका मलूल रोपाखाली लालसर तपकिरी हुमणी, मऊ पण न सडलेली. रात्री अंधारात धरली. फिकट, पण प्रकाश आहे. आबा आज आपणहून आले होते, मागच्या वेळेपेक्षा जास्त वेळ थांबले.

२० ऑगस्ट

शेजारच्यांनी विचारलं, पानं खाणाऱ्या अळ्यांवर हेच फवारू का? मी नको म्हटलं. पानावर ऊन, वारा, कोरडेपणा. पिल्लं अळीपर्यंत पोचण्याआधीच वाळतात. यांचं घर माती. मातीत किंवा मातीलगत असलेली अळी हवी : हुमणी, कुंडीतल्या मुळांवरच्या सोंडकिड्यांच्या अळ्या, रोपवाटिकेच्या ओल्या माध्यमातल्या बुरशीमाशीच्या अळ्या, रात्री बाहेर येऊन रोपं कापणारी कटवर्म अळी. बुरशीमाशीसाठी स्टाइनरनेमा फेल्टी चांगला, तो थंडाव्यातही काम करतो. प्रत्येक किडीवर एकच उत्तर अशा अपेक्षेनं यांच्याकडे पाहिलं तर दोघांचाही घात होईल, वापरणाऱ्याचा आणि सूत्रकृमींचाही.

त्यांनी आणखी विचारलं, जनावरांना, माणसांना काही? नाही. आपल्या शरीराच्या तापमानात हे टिकत नाहीत. गांडुळांनाही ते धरत नाहीत.

२ सप्टेंबर

एकवीस दिवस झाले. आज सहाही वाफ्यांत पुन्हा चार-चार खड्डे, आधीच्या खड्ड्यांपासून दूर.

कोरे वाफे : २ नंबरमध्ये ११, ४ नंबरमध्ये ९, ६ नंबरमध्ये १२. एकूण ३२.
सूत्रकृमींचे : १ नंबरमध्ये ४, ३ नंबरमध्ये ३, ५ नंबरमध्ये ८. एकूण १५.

तिन्ही धरले तर कोऱ्यांपेक्षा ५३ टक्के कमी. पंपाचा ५ नंबर बाजूला ठेवला तर ६७ टक्के. ५ नंबर बाजूला ठेवायचं कारण मी १२ तारखेला, निकाल दिसण्याआधीच लिहिलं होतं, म्हणून तो आकडाही लिहितोय. पण सांगताना दोन्ही सांगायचे. एक तुकडा, तीन वाफे, एक हंगाम : यावरून कुणी मोठी घोषणा करू नये, मीही करणार नाही.

दाणेदार औषधानं गेल्या वर्षी याहून लवकर फरक दिसला होता, हेही खरं. इथे आठवडाभर काहीच दिसत नाही आणि त्या आठवड्यात धीर सुटतो.

त्याच खड्ड्यांतली गांडुळं मोजली. सूत्रकृमींच्या वाफ्यांत १९, कोऱ्यांत १७. गेल्या वर्षी इथे एकही नव्हतं. आज खुरप्याच्या पात्यावर वळवळणारं पहिलं गांडूळ पाहून मी मोजणी थांबवून जरा वेळ तसाच बसलो.

१५ सप्टेंबर

आज रासायनिक औषधांचा काळ आठवत होतो. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ग्लेसर यांना जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या हुमण्यांत हे सूत्रकृमी सापडले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी ते कृत्रिम अन्नावर वाढवले, शेतात सोडूनही पाहिले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त, झटपट मारणारी कीटकनाशकं आली आणि हे काम कित्येक दशकं मागे पडलं. वाट सापडलेली असताना ती सोडून दिली गेली, याची हळहळ वाटते. हुमणीच्या मरणाइतकंच मातीत मागे काय उरतं, हेही तेव्हा मोजलं गेलं असतं तर.

३ ऑक्टोबर

सोडून सात आठवडे. सहा वाफ्यांतली माती पुन्हा डब्यांत, पुन्हा मेणकिड्याच्या अळ्या. १ आणि ३ मध्ये लाल अळ्या मिळाल्या, ५ मध्ये नाही. २, ४, ६ मध्ये नाही, म्हणजे मधले पट्टे ओलांडून ते गेलेले दिसत नाहीत. १ आणि ३ मध्ये ते हुमणीवर पिढ्या वाढवत टिकले आहेत. तरी पुढच्या हंगामात पुन्हा सोडावेच लागतील; खायला अळी उरली नाही की यांची संख्या घसरते.

१८ ऑक्टोबर

काढणी. कबूल केल्याप्रमाणे आबांनी प्रत्येक वाफ्यातली दहा-दहा झाडं उपटली, मुळं पाण्यात धुऊन उजेडात धरून पाहिली. मुळांवर गोल, सहज निघणाऱ्या नत्राच्या गाठी होत्या, त्या भुईमुगाला असतातच. सूत्रकृमीच्या गाठी कुठेच नाहीत. आबांनी शेवटचं झाड जरा जास्त वेळ फिरवून पाहिलं. "६ नंबरची मुळं बघ, आणि ३ नंबरची बघ," एवढंच म्हणाले. ६ नंबरच्या दहांपैकी चार झाडांची मुळं अर्धी कुरतडलेली होती, ३ नंबरच्या एकाची.

पुढच्या हंगामासाठी आबांनी सगळा तुकडा द्यायचं ठरवलं आहे. त्याला काही कोटी पिल्लं लागतील आणि शंभर मेणकिडे पुरणार नाहीत. बरण्या वाढवायच्या, जाळी आणायची, झारीऐवजी ठिबकमधून सोडता येतात का ते एका नळीवर तपासायचं.

आणखी एक. मेणकिड्यावरच पिढ्यामागून पिढ्या वाढवत राहिलं तर सूत्रकृमींची शोधायची आणि मातीत टिकायची ताकद हळूहळू कमी होते. त्यांना आयतं, मऊ भक्ष्य मिळत राहतं. म्हणून आज ३ नंबरच्या खड्ड्यात मिळालेली लाल हुमणी जपून ठेवली आहे. नवी पिढी तिच्यातून काढायची. संध्याकाळी तिला सापळ्यावर ठेवलं, बशीवर तारीख आणि ‘वाफा ३’ असं लिहिलं.